दुसऱ्या वाटेची सुई

लघवी होईना तेव्हा त्याला आधी बरंच वाटलं होतं. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, पण खरं तेच होतं. दुपारी इस्पितळातून घरी येताना, टॅक्सीत एका बाजूला कलून बसलेला असताना, आपल्याला अजून जावंसं वाटत नाही याचा त्याला चक्क अभिमान वाटला होता. उभं आयुष्य त्याने उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये काढलं होतं. सकाळी शिडी चढून वर जायचं, जेवायच्या सुट्टीला उतरायचं, पुन्हा वर, ते थेट संध्याकाळी खाली. मधल्या वेळात पोटाने कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. नवी पोरं वर जाताना रिकामी बाटली घेऊन जायची. त्याने कधी नेली नाही. बांधकामावर सगळे त्याला 'वरचे' म्हणायचे, आणि 'वरचे काय, दिवसभर धरून ठेवतील' हे कौतुकाने सांगायचे. माणसाला कसल्या कसल्या गोष्टींचा मान मिळतो! त्यामुळे आज पोट तटतटायला लागलं तेव्हा ते त्याला ओळखीचंच वाटलं. धरतोय आपण, जुनी खोड. आता मात्र तो आपल्याच घराच्या बाथरूममध्ये, आतून कडी घालून, भिंतीला हात टेकून उभा होता आणि त्याच्या ध्यानात आलं होतं की तो काहीच धरत नाहीये. त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. सोडून दिलं होतं आणि सुटत नव्हतं. मांड्यांमध्ये, जिथे सकाळी सुया गेल्या होत्या तिथे, कुणी मूठ आवळून बसल्यासारखं वाटत होतं, आणि ती मूठ त्याची नव्हती.

बाथरूम बैठकीच्या खोलीला लागूनच होतं. घर घेताना ते फार सोयीचं वाटलं होतं. दार पातळ, ओलीने खालून फुगलेलं; आत माणूस खाकरला तरी बाहेर कळायचं. बाहेर बायको शिवणयंत्रावर पडदे शिवत होती आणि तिच्याशेजारी वहिनी बसल्या होत्या. वहिनी म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ आता नव्हता. त्याच्यामागे वहिनी लहान घरात राहायला गेल्या होत्या आणि जुन्या घराचे लांबरुंद पडदे नव्या खिडक्यांच्या मापाचे करून घ्यायला आज आल्या होत्या. नेमक्या आजच. यंत्र चालू झालं की तो नळ सोडायचा, बेंबीखाली हात दाबून बघायचा, तोंडाने आवाजही करायचा, लहान मुलाला मुतवताना आई करते तसा. यंत्र थांबलं की तोही जागच्या जागी थांबायचा. पोट हाताला लागत होतं ते आपलं पोट नाही, आत कुणी नारळ ठेवलाय असं लागत होतं. कपाळावरचा घाम भुवईवरून डोळ्यात उतरत होता आणि तो पुसायला भिंतीवरचा हात काढावा तर पाय लटपटत होते. भांड्यावर बसून बघितलं. उठून बघितलं. बादलीत कढत पाणी काढून मांड्यांवर ओतलं. दोन थेंब आले, गुलाबी, आणि त्या दोन थेंबांसाठी त्याने दात इतके आवळले की कानशिलं ठणकली.

"अहो, आत झोपलात की काय?" बायकोने यंत्र थांबवून विचारलं.

"पोट जरा बिघडलंय," तो म्हणाला.

"बिघडणारच! कंपनीच्या उपाहारगृहात काय वाढलं असेल कोण जाणे." आणि मग वहिनींना, जरा हळू, पण दारातून स्वच्छ ऐकू येईल असं, "या वयात कसलं हो प्रशिक्षण? नवी क्रेन आणलीय म्हणे. एवढी वर्षं चालवतायत, आता ह्यांना कोण शिकवणार?"

प्रशिक्षण ही त्याने मारलेली थाप होती. अगदी साधी, बिनडोक थाप, आणि ती तिने निमूट गिळली याचंच त्याला सकाळपासून वाईट वाटत होतं. खरं सांगायची सोयच नव्हती. तिने त्याला शपथ घातली होती. तिचे हे थोरले दादा गेले त्या दिवशी, इस्पितळाच्या जिन्यात, रडून रडून आवाज बसलेला असताना तिने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं आणि म्हणाली होती, "तुम्हाला माझी शपथ आहे. काहीही होवो, तुम्ही ती सुई टोचून घ्यायची नाही." दादांनी ती घेतली होती. दादा पोहायला शिकवायचे. गावभरची पोरं त्यांच्या हातून पाण्यात पडली होती. रक्ताच्या तपासणीत प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला, मग बायोप्सी, म्हणजे गुदद्वाराच्या वाटेने सुई घालून आतले तुकडे काढले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. दादा म्हणाले, काही नाही, पाण्यात फार वेळ राहिलं की असंच होतं, मला सवय आहे. त्या आठवड्यात ते पाण्यात उतरलेच नव्हते. पण दादांच्या शब्दापुढे कोण बोलणार! वहिनींनी पांघरुणावर पांघरूण घातलं, तळपाय चोळले, घरातली तापाची गोळी दिली, कुणाला उठवू नको म्हणाले म्हणून कुणाला उठवलं नाही. उजाडता उजाडता दादा 'पाय मार, पाय मार' असं पोरांना ओरडायला लागले आणि समोर कुणी पोर नव्हतं, तेव्हा वहिनी शेजारी धावल्या. रक्तात विष भिनलं होतं. पुढचा रविवार काही त्यांनी पाहिला नाही. घरात ही हकिकत नंतर कुणी कधी सबंध सांगितली नाही. 'दादांना सुईनं नेलं' एवढंच म्हणायचे, आणि म्हटलं की सगळे गप्प. त्या गप्प बसण्यात वहिनींना जागा मिळाली होती. सुईनं नेलं म्हटल्यावर मागे राहिलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

आणि मग त्याचा स्वतःचा आकडा वाढला. कंपनीच्या वार्षिक तपासणीत वाढला, पुन्हा करून बघितला तर आणखी वाढला. डॉक्टर तरुण होता, बोलताना पेनाचं टोपण काढायचा आणि लावायचा. त्याने कागदावर एक सुपारीएवढा गोल काढला आणि म्हणाला, इथं पोचायच्या दोन वाटा आहेत. मागची वाट जवळची, काम चटकन होतं. पण ती घाणीतून जाते, सुईबरोबर जंतू आत जाऊ शकतात, ताप येऊ शकतो. दुसरी वाट पुढून, अंडकोशाच्या मागच्या कातडीतून. ती स्वच्छ, तापाची भीती अगदी कमी. पण सूज येते, आणि सुजेने लघवी अडकू शकते. रक्त दोन्हीकडे जातं, लघवीत काही दिवस, वीर्यात काही आठवडे, लाल नाहीतर तपकिरी दिसेल, घाबरू नका. वीर्याचं ऐकून त्याला अशा जागी हसू आलं आणि ते त्याने खोकल्यात दडवलं. "तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाला. त्याने शपथेचा जन्मात केला नसेल इतका बारकाईने विचार केला. तिने 'ती सुई' म्हटलं होतं. ती म्हणजे दादांची. ही वाटच वेगळी. मग ही सुई ती सुई कशी होईल? वकिलालाही लाज वाटावी असा हा युक्तिवाद करून त्याने दुसरी वाट घेतली, आणि वर मनाला बजावलं की निकाल चांगला आला की तिला सगळं सांगू, वाईट आला तर मग काय, सांगावंच लागेल.

पण थाप मारायचं कारण एवढंच नव्हतं, आणि हे त्याला आता, फुगलेल्या दाराकडे तोंड करून उभं असताना, पोटातल्या कळेइतकं स्पष्ट कळत होतं. तो उठता उठता डॉक्टर सहज म्हणाला होता, "आणि मागच्या वाटेलाही लोक उगाच घाबरतात. ताप आला, थंडी वाजली, की रात्र असो पहाट असो, तडक यायचं. एवढं पाळलं की बहुतेक सगळे सुखरूप घरी जातात. उशीर होतो तिथंच घात होतो." तो दाराची मूठ धरून उभाच राहिला होता. डोळ्यांसमोर वहिनींनी घातलेली ती पांघरुणं आली. तो बाहेर पडला, रस्ता ओलांडला, भलत्याच दिशेची बस पकडली आणि शेवटपर्यंत गेला. हे घरी न्यायचं नाही असं त्याने त्या बसमध्ये ठरवून टाकलं. चाचणीचं सांगितलं की दोन वाटांचं सांगावं लागणार, वाटांचं सांगितलं की तापाचं, आणि ताप म्हटला की वहिनी मान वर करून विचारणार. त्यापेक्षा प्रशिक्षण बरं. एका थापेत तिघांची सोय होत होती.

सकाळचं सगळं नीट पार पडलं होतं. पाय वर टांगून ठेवायचे, कमरेखाली कापड, बंदुकीचा घोडा ओढल्यासारखा खटका, की आत एक चिमटा, पुन्हा खटका. तो छताकडे बघत मनातल्या मनात माल उचलत होता. त्याच्या कामात एक गोष्ट पक्की असते: माल खाली टेकला, पट्टा सैल पडला, खालच्याने 'सुटलं' म्हटलं, की मगच हुक वर घ्यायचा. नुसतं टेकल्यासारखं दिसतं तेव्हा घेतला तर माणूस मरतो. खालचा म्हणजे खालून इशारे देणारा त्याचा जुना जोडीदार. त्या दोघांत एवढ्या वर्षांत कधी चुकीचं 'सुटलं' गेलं नव्हतं. आणि तो स्वतः मात्र दुपारी, घरी सोडायच्या वेळी, सिस्टरने भर वॉर्डात मोठ्याने "लघवी झाली का हो तुम्हाला?" असं विचारलं तेव्हा चार लालसर थेंबांच्या जोरावर "झाली" म्हणून मोकळा झाला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला भेटायला शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली आल्या होत्या. त्यांच्यासमोर काय तो तपशील द्यायचा! खालचा त्याला न्यायला आला होता, त्यानेही विचारलं, "सगळं ठीक ना?" त्यालाही हो म्हटलं. मग घरी येऊन डॉक्टरने सांगितलं होतं म्हणून पाणी प्यायला, तांब्यावर तांब्या. आणि वरून बायकोने, उन्हातून आलात म्हणून, लिंबाचं सरबत केलं. वहिनींनी आपल्यातलं अर्धं त्याच्या पेल्यात ओतलं. "घ्या भाऊजी, चेहरा बघा कसा उतरलाय." त्याने तेही प्यायलं. नाही कसं म्हणणार, आणि कोणत्या तोंडाने?

आता त्याने नळ मोठा सोडला आणि फोनवर खालच्याला गाठलं. कुजबुजत सांगितलं. पलीकडून शिव्या आल्या, मनापासून दिलेल्या.

"सकाळपासून झालीच नाही? आणि तू नळ सोडून बसलायस? अरे, फुटायची वाट बघतोयस का? दार उघड आणि बायकोला सांग."

"शपथ आहे रे."

"शपथेनं मुतायला होणार आहे का तुला? मी निघतो, पण मला यायला तास लागेल. तेवढा वेळ नाहीये तुझ्याकडे. सांग तिला."

"वहिनी बसल्यात बाहेर."

दादांचं खालच्याला माहीत होतं, पांघरुणांचं नव्हतं. "मग त्यांच्यादेखत सांग," तो म्हणाला. "लाज वाटून मेला असं सांगायची पाळी आणू नकोस माझ्यावर."

फोन ठेवल्यावर त्याला खिडकी दिसली. हातभर रुंद, वर जाळी. ज्या माणसाने उभा जन्म चारी बाजूंनी काचेत, शहराच्या डोक्यावर काढला, तो या चार हातांच्या खोलीत खिडकीकडे असा बघत होता की जणू तिथून जाता येईल. वर केबिनमध्येही हलायला जागा नसायची, पण तिथे त्याला कधी कोंडल्यासारखं वाटलं नव्हतं. वारा सुटला की सगळी क्रेन संथ डुलायची, खालची माणसं वाटाण्याएवढी, त्यांच्या घरातलं काही तुमच्यापर्यंत पोचत नाही, तुमचं काही त्यांच्यापर्यंत नाही. तो तिथे सुखी होता, हे त्याने बायकोला कधी सांगितलं नव्हतं. घरापेक्षा तिथे सुखी होता हे तर सांगण्यासारखंच नव्हतं. कळ आली. ती आता पाठीकडून यायला लागली होती, दोन्ही बाजूंनी, आणि ओसरून पुन्हा येत नव्हती, येऊन राहत होती. तोंडाला पाणी सुटलं, कडवट. त्याला एकदम भीती वाटली, साधी, लहान मुलासारखी: आपण इथेच पडू आणि ह्या दोघींना दार फोडावं लागेल. त्याने पँट वर ओढली, बटण लागेना म्हणून तसंच सोडून वर सदरा ओढला, आणि कडी काढली.

यंत्र चालू होतं. बायकोने वर बघितलं आणि तिचा पाय पायट्यावरच राहिला; पडदा आपला सुईखालून वेडावाकडा सरकत गेला. त्याने काय बोलायचं ते जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "मी प्रशिक्षणाला नव्हतो गेलो. मी सुई घेतली. दुसऱ्या वाटेची. आणि आता लघवी अडकलीय, सकाळपासून."

बायकोचा चेहरा पडला नाही, रागावला नाही, नुसता कोरा झाला, आणि तो कोरेपणा बघून त्याला कळेपेक्षा जास्त लागलं. उठल्या त्या वहिनी. मांडीवरचे पडदे जमिनीवर गेले. एवढ्या वर्षांत ज्यांनी त्याच्या हातात कप देतानाही बशी मध्ये धरली होती, त्या सरळ पुढे आल्या आणि त्यांनी आपला हात त्याच्या कपाळावर ठेवला, मग उलटा करून गळ्याला लावला.

"ताप?"

"नाही, वहिनी."

"थंडी वाजतेय?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरंच नाही."

"चला," वहिनी म्हणाल्या. "चपला घाल गं. बघत काय बसलीस?"

टॅक्सीत त्याला मध्ये बसवलं. प्रत्येक खड्ड्याला तो 'आई गं' म्हणत होता, आणि वहिनी चालकाला एकदा 'जरा लवकर' सांगत होत्या आणि एकदा 'जरा हळू', शेवटी त्या बिचाऱ्याने आरशात बघून विचारलं, ताई, नक्की काय करू? दुसरा दिवस असता तर तिघं हसले असते. बायको खिडकीबाहेर बघत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "नवी क्रेन म्हणे." एवढंच. थोड्या वेळाने पुन्हा, "कोणत्या रंगाची आहे ते पण विचारलं होतं मी." त्याने 'पिवळी' असं सांगितलं होतं. त्याला आठवलं आणि त्याने डोळे मिटून घेतले.

आपत्कालीन कक्षात त्याला खाटेवर आडवं केलं. दुपारची सिस्टर नव्हती, दुसरी होती, ठेंगणी, भरभर बोलणारी, हात त्याहून भरभर चालणारे. दोघींना बाहेर थांबा म्हणाली. वहिनी हलल्या नाहीत, म्हणून बायकोही हलली नाही. सिस्टरने पडदा ओढला आणि त्या दोघी पडद्याच्या आतच राहिल्या, पाठ करून. थंड मलम, मग नळी, मग एक अशी जळजळ की त्याने खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरली, आणि मग. मग काय झालं ते त्याला नंतर कधीच कुणाला नीट सांगता आलं नाही. जोर लावला नव्हता, काही केलं नव्हतं, ते आपोआप जात होतं, नळीतून, कोमट, लालसर, खाटेखालच्या पिशवीत. आणि पोट त्याचं त्याला परत मिळत होतं. तो रडला. अगदी उघड, नाक ओढत. निकाल यायचा होता, तुकड्यांत काय निघेल कुणाला ठाऊक, पण त्या घडीला त्याला काही म्हणजे काही नको होतं.

"थोडी थोडी येते आणि ही माणसं झाली म्हणून सांगतात," सिस्टर पिशवी बघत म्हणाली, जणू अशा माणसांची तिला सवयच होती. "आणखी थांबला असता तर मूत्रपिंडावर ताण आला असता. आता काही नाही. नळी दोन-चार दिवस राहील, मग काढू."

बायको वळून त्याच्याजवळ आली. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं, जरा जोरातच, भांडं घासावं तसं. "घरी चला, मग बघते तुमच्याकडे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. तेवढ्यावर हे निभावलं असतं तर किती बरं झालं असतं. त्याला वाटलंही, निभावलं.

"सिस्टर," वहिनी म्हणाल्या. त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. "ती मागच्या वाटेनं करतात ना सुई, त्यात ताप येतो."

"येतो कधीकधी. म्हणून हल्ली ही पुढची करतात जास्त."

"वहिनी," तो म्हणाला, "बसा ना तुम्ही."

"थंडी वाजून येतो?"

"हो, हुडहुडी भरते एकदम."

"सिस्टर, मला जरा पाणी मिळेल का?" तो मोठ्याने म्हणाला. बायकोने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत त्याला दिसलं की तीही आता दादांच्या त्या रात्रीपाशी पोचते आहे आणि तिलाही वहिनींना थांबवायचं आहे, पण तिला काही सुचत नव्हतं.

"देते हं," सिस्टर म्हणाली, आणि हातमोजे काढता काढता वहिनींना, अगदी मायेने, धीर द्यायचा म्हणून, "पण घाबरायचं काही नसतं हो, मावशी. लगेच आणलं की सलाईनमधून औषध चालू करतो. उतरतो."

"लगेच म्हणजे?"

"म्हणजे थंडी वाजली की लगेच."

"सकाळ होईपर्यंत थांबलं तर?"

सिस्टर हसली. "सकाळ होईपर्यंत कशाला थांबायचं?" ती म्हणाली आणि पडदा सारून पाणी आणायला गेली.

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी कुणाला तरी उशी मागत होतं. बायकोने एक पाऊल पुढे टाकलं आणि ती तिथेच थांबली. वहिनींनी मागे चाचपून स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. त्याने मान दुसरीकडे वळवावी म्हटलं, पण नळी मांडीला चिकटवलेली होती, कूस बदलायची नाही असं बजावून सांगितलेलं होतं, आणि वहिनी त्याच्याकडेच बघत होत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

तो हो म्हणाला.